ग्लॅडिओलसचा गड्डा : झाडाने जमिनीखाली भरलेलं पेव



‘खोडाची रूपांतरे’ हा घटक आपण सगळेच शिकवतो. बटाटा, आलं, कांदा, सुरण ही चार नावं फळ्यावर लिहायची, समोर चार व्याख्या द्यायच्या. मुलं वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत जोड्या लावतात. मीही बरीच वर्षं असंच शिकवलं. तीन वर्षांपूर्वी शाळेच्या परसबागेत ग्लॅडिओलस लावला, तेव्हा लक्षात आलं की हा घटक मला स्वतःलाच नीट कळलेला नव्हता. तो कळला एका मुलाच्या प्रश्नामुळे आणि माझ्या एका चुकीमुळे. ती चूकही इथे सांगणार आहे, कारण या झाडाचं निम्मं शास्त्र त्या चुकीतूनच आम्हाला समजलं.

आमची शाळा आटपाडी तालुक्यात आहे. हा पर्जन्यछायेतला माणदेश. डाळिंबाने तालुक्याला नाव मिळवून दिलं, टेंभू योजनेमुळे कृष्णेचं पाणी आता बऱ्याच शिवारांत पोचलं, तरी पाऊस भरवशाचा नाही हे इथल्या पोरांना सांगावं लागत नाही. छावणी, टँकर हे शब्द त्यांना पाठ्यपुस्तकाच्या आधी माहीत असतात. अशा गावात ग्लॅडिओलससारखं दिखाऊ फूल कशाला, असं आमच्याच एका सहकाऱ्यांनी विचारलं होतं. त्याचं उत्तर लेखाच्या ओघात येईलच.

कांदा न्हाय, सर!

एका फूलशेतकऱ्याने शाळेला शंभरेक कंद दिले. ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. सातवीची मुलं भोवती गोळा झाली. चपटे, लिंबाएवढे गड्डे, वर तपकिरी कोरडं सालपट. मी सहज म्हणालो, “हे बघा, कांद्यासारखेच असतात. जमिनीत लावायचे.”

मागून एक मुलगा म्हणाला, “सर, ह्यो कांदा न्हाय. ह्येला आत पापुद्रंच न्हाईत.” त्याने एका गड्ड्याचं सालपट सोलून नखाने टोकरून पाहिलं होतं. आत बटाट्यासारखा घट्ट गर. तो पुढे म्हणाला, “मग ह्यो बटाटा का, सर?”

मी जरा अडलो. मग शाळेच्या स्वयंपाकघरातून एक कांदा, एक बटाटा आणि आल्याचा तुकडा मागवला. एका मुलीच्या घरातून सुरणाची फोड आली. सुरीने सगळं उभं कापलं आणि टेबलावर ओळीने मांडलं. त्या दिवशी व्याख्या सांगाव्याच लागल्या नाहीत, मुलांनीच फरक काढले. ते असे :

- कांदा : उभा कापल्यावर पापुद्र्यावर पापुद्रा दिसतो. हे पापुद्रे म्हणजे जाड झालेली पानं. खरं खोड म्हणजे तळाची ती लहानशी चकती, जिला खाली मुळं फुटतात. म्हणजे कांद्यात अन्न पानांत साठतं.
- बटाटा : जमिनीखालच्या फांदीचं टोक फुगून तो तयार होतो. अंगभर विखुरलेले डोळे असतात. वर पापुद्र्यांचं आवरण नसतं.
- आलं, हळद : जमिनीत आडवं वाढणारं, बोटं फुटलेलं खोड. अंगावर पेरांच्या खुणा दिसतात.
- ग्लॅडिओलस, सुरण : उभ्या खोडाचा बुडखा फुगून झालेला भरीव गड्डा. अन्न खोडात साठतं.

या शेवटच्या प्रकाराला मराठी वनस्पतिशास्त्रात घनकंद किंवा दृढकंद म्हणतात. इंग्रजीत कॉर्म. दोन्ही मराठी नावं अगदी नेमकी आहेत, कारण आत पोकळी नाही, पापुद्रे नाहीत, सगळं घट्ट. आणि बोलीत तर ‘गड्डा’ हा शब्द आपल्याकडे आहेच. सुरणाचा गड्डा, अळूचा गड्डा असं आपण म्हणतोच. माझी सूचना अशी, की वर्गात आधी ‘गड्डा’ म्हणा आणि मग ‘घनकंद’ लिहा. मुलांना शब्द परका वाटत नाही.

गड्डा खोड आहे हे ओळखायचं कसं?

जमिनीत आहे म्हणजे मूळ, ही मुलांची पक्की समजूत असते. ती मोडायला ऊस उपयोगी पडतो. आमच्या शाळेत ऊसतोडीला जाऊन आलेली मुलं आहेत. त्यांना विचारलं, “उसाचं बेणं कशाचं करतात?” उत्तर लगेच आलं : “डोळा असलेल्या कांडीचं.” उसाला पेरं असतात, प्रत्येक पेरावर एक डोळा असतो आणि त्या डोळ्यातून नवा कोंब येतो. पेर आणि डोळा असेल तर ते खोड. मुळाला पेरं नसतात.

आता ग्लॅडिओलसच्या गड्ड्याचं सालपट एकेक करून काढा. प्रत्येक सालपट जिथून सुटतं तिथे गड्ड्याभोवती एक गोल रेघ उरते. ती रेघ म्हणजे पेर. दोन रेघांमधली जागा म्हणजे कांडं. म्हणजे हा गड्डा वरून दाबून बुटका आणि जाड केलेल्या उसासारखा आहे! प्रत्येक रेघेवर एक बारीक डोळा सापडतो. हे डोळे गड्ड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना, साधारण एका रेषेत असतात. कारण या झाडाची पानंच दोन रांगांत येतात आणि डोळा पानाच्या बगलेत असतो. सालपट म्हणजे त्या पानांचेच वाळलेले बुडखे. आतल्या गराचं पाणी उडू नये म्हणून झाडाने घातलेली ही घोंगडीच.

सगळ्यांत वरचा डोळा मोठा. बहुधा तोच आधी फुटतो आणि बाकीच्यांना दाबून ठेवतो. तो मोडला तर खालचे डोळे जागे होतात. म्हणूनच मोठ्या गड्ड्याचे, प्रत्येकात डोळा आणि तळाचा मुळं फुटणारा भाग येईल असे तुकडे करूनही लागवड करता येते.

नाव, कुळ आणि मूळ गाव

लॅटिन भाषेत ‘ग्लॅडियस’ म्हणजे तलवार. ‘ग्लॅडिओलस’ म्हणजे छोटी तलवार. ग्लॅडिएटर हा शब्दही याच मुळाचा. झाडाची पानं उभी, लांब, टोकदार असतात म्हणून हे नाव. वनस्पतींना दोन पदी नावं देण्याची पद्धत ज्याने रुळवली त्या कार्ल लिनियसच्या १७५३ सालच्या ग्रंथात ही प्रजाती याच नावाने नोंदलेली आहे.

कुळ इरिडेसी. आयरिस, फ्रीझिया आणि काश्मीरचं केशर हे याच कुळातले भाऊबंद. केशरसुद्धा घनकंदापासूनच लावतात, हे पालकांनाही सहसा माहीत नसतं.

ग्लॅडिओलसच्या सुमारे तीनशे रानटी जाती आहेत. त्यातल्या बहुतेक आफ्रिका खंडातल्या आणि त्यातही सर्वाधिक दक्षिण आफ्रिकेतल्या. थोड्या जाती युरोप आणि पश्चिम आशियात आहेत. दक्षिण आफ्रिकेच्या काही भागांत उन्हाळा कोरडा जातो, काही भागांत हिवाळा. म्हणजे कुठेही असलं तरी वर्षातले काही महिने पाणी नाही. मग झाडाने करायचं काय? वरची पानं वाळू द्यायची, सगळं अन्न खाली गड्ड्यात न्यायचं आणि पाऊस येईपर्यंत जमिनीत निपचित पडून राहायचं.

हे सांगितलं आणि एक मुलगी म्हणाली, “म्हंजे पेवावानी.”

पालकहो, मला स्वतःला हे सुचलं नव्हतं. पूर्वी आपल्याकडे धान्य साठवायला जमिनीत खोल पेव खणत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर लांबवर प्रसिद्ध होती. पेव कोरडं राहिलं तर माल वर्षानुवर्षं टिकतो, आणि पाणी शिरलं की संपलं. २००५ च्या महापुरात हरिपूरची बरीच पेवं अशीच निकामी झाली. गड्ड्याचंही तेच. पाणी साचणाऱ्या जमिनीत तो कुजतो, निचऱ्याच्या जमिनीत टिकतो. दुष्काळी मुलखात हे झाड कशाला, याचं उत्तर त्या मुलीनेच देऊन टाकलं. दुष्काळाला तोंड कसं द्यायचं हे शिकवणारं झाड दुष्काळी मुलखातच शिकवायला हवं. आता आपण त्याला बागेत वेळेवर पाणी देतो हे खरं, पण गड्डा तयार झाला तो बिनपाण्याच्या दिवसांसाठी.

पानं, दांडा आणि फूल

लागवडीनंतर आठ-पंधरा दिवसांत कोंब वर आला. पानं पंख्यासारखी, दोन रांगांत, एकात एक बसलेली. शिरा समांतर. मुळं तंतुमय. एकदल वनस्पतीची ही खूण मुलांनी ज्वारीच्या रोपाशेजारी ठेवून पडताळली. एक गंमत बघायला सांगा : आंब्याच्या पानाची वरची बाजू गडद आणि खालची फिकी असते. ग्लॅडिओलसच्या पानाच्या दोन्ही बाजू सारख्याच, कारण पान उभं असतं आणि दोन्ही बाजूंना ऊन मिळतं.

डिसेंबरच्या शेवटी मधून फुलदांडा निघाला. या फुलोऱ्याला कणिश म्हणतात. कणिशात फुलांना देठ नसतो, ती थेट दांड्याला चिकटलेली असतात आणि प्रत्येक फुलाखाली दोन हिरवी छदं असतात. सगळ्यांत खालचं फूल आधी उमलतं, मग त्याच्या वरचं, मग त्याच्या वरचं. खालचं वयाने मोठं, शेंड्याचं धाकटं. म्हणून खालच्या एक-दोन कळ्यांना रंग दिसला की दांडा काढतात. बाकीची फुलं पाण्यात ठेवल्यावर आठवडाभर एकेक करून उमलत राहतात.

एक फूल हातात घेऊन हळूच उकला. काय दिसतं?

- सहा रंगीत दलं. तीन बाहेरची, तीन आतली, तळाशी जोडून झालेली नळी. निदलं हिरवी आणि पाकळ्या रंगीत असा फरक इथे नाही, म्हणून या सगळ्यांना मिळून परिदल म्हणतात.
- पुंकेसर फक्त तीन. इथे मुलांना लिलीचं फूल दाखवा. त्यात सहा पुंकेसर असतात. लिली आणि ग्लॅडिओलस वेगळ्या कुळांतले, हे नुसतं मोजून कळतं.
- किंजल एकच, पण टोकाला तीन फाटे.
- अंडाशय दलांच्या खाली, म्हणजे अधःस्थ. आडवा कापला तर तीन कप्पे.

तीन, सहा, तीन, तीन. एकदल वनस्पतींत तीनचा पाढा चालतो, हे मुलांनी एकदा हाताने मोजलं की विसरत नाहीत. आणखी एक गोष्ट : फूल उमलल्यावर परागकोश आधी फुटतात, किंजलाचे फाटे नंतर उघडतात. एकाच फुलातले पराग त्याच फुलाला लागू नयेत याची ही सोय. आफ्रिकेत काही जातींचं परागीभवन लांब सोंडेच्या मधमाश्या करतात, काहींचं पतंग, तर काही लाल फुलांचं पक्षीसुद्धा करतात. फळ म्हणजे तीन कप्प्यांचं बोंड, आणि त्यात चपट्या, कागदी पंख असलेल्या बिया. वाऱ्यावर उडायला तयार.

मग बियांपासून का लावत नाहीत? दोन कारणं. बीपासून फूल यायला दोन-तीन हंगाम जातात. आणि आजच्या बागेतल्या जाती संकरित आहेत, त्यांच्या बीपासून आईसारखंच फूल येईल याची खात्री नाही. गड्ड्यापासून मात्र तोच रंग, तेच फूल. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले तेजस अशा जाती शेतकऱ्याकडे येतात त्या गड्ड्यांच्याच रूपात.

आणि आता माझी चूक

पहिल्या वर्षी २६ जानेवारीला बाग ऐन बहरात होती. झेंडावंदनाला पाहुणे येणार. प्रत्येकाला गुच्छ विकतचा नको, मुलांच्या हातचा द्यायचा, असं ठरलं. मी विळा घेतला आणि दांडे जमिनीलगत कापले. दांडा जितका लांब तितका गुच्छ भारी दिसतो. सोबत हिरवीगार पानंही आलीच. फोटो छान आले. पाहुण्यांनी कौतुक केलं.

उरलेली खुंटं आठवडाभराने आम्ही उपटली आणि गड्डे गोणीत भरून स्टोअर रूममध्ये टाकले. पुढच्या ऑक्टोबरात गोणी उघडली, तर निम्मे वाळून खडखडीत झालेले किंवा कुजलेले. उरले ते सुपारीएवढे. तरी लावले. पानं आली, पण जानेवारी संपला तरी एकही दांडा नाही.

मुलं रोज जाऊन बघायची. शेवटी तोच ‘कांदा न्हाय’वाला मुलगा, आता आठवीत गेलेला, म्हणाला, “सर, गेल्या वर्षी फुललं, अन् औंदा का न्हाय? कंद तर त्योच हाय.”

इथेच माझं अज्ञान उघडं पडलं. कंद ‘तोच’ नव्हता.

दरवर्षी नवा गड्डा

हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी एक रोप मुळासकट उपटून धुतलं. खाली आमचा लावलेला गड्डा होता, सुरकुतलेला, पिळून निघाल्यासारखा. आणि त्याच्या डोक्यावर, कोंबाच्या बुडाशी, एक नवाकोरा गड्डा तयार होत होता.

कोंब फुटतो तेव्हा तो जुन्या गड्ड्यातल्या अन्नावर वाढतो. पानं मोठी झाली की ती स्वतः अन्न तयार करायला लागतात. ते अन्न आधी दांड्याला, फुलांना जातं आणि मग मुख्यतः खाली, कोंबाच्या बुडाशी जमा होतं. तिथलं खोड फुगतं, तोच पुढच्या वर्षीचा गड्डा. जुना सगळं देऊन चिपाड होतो. एका गड्ड्याला दोन कोंब आले तर वर दोन नवे गड्डे. शिवाय जुन्या आणि नव्याच्या मधल्या भागातून बारीक दोऱ्यांसारख्या फुटव्यांच्या टोकाला हरभऱ्याएवढे बारके कंद येतात. त्यांना कॉर्मेल म्हणतात. ते जपून लावले तर साधारण दोन हंगामांनी फुलण्याजोगे होतात.

चिमटलेला जुना आणि टवटवीत नवा असे एकावर एक बसलेले बघून सातवीतली एक मुलगी हळूच म्हणाली, “आमची आज्जी अन् मी.” तिचे आई-वडील गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात असतात. आपल्या भागातल्या बऱ्याच घरांत असंच आहे. मी त्यावर काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

मग माझी चूक काय होती, हे मुलांनीच सांगितलं. जानेवारीत फूल आलं तेव्हा नवा गड्डा अजून भरायचा होता. तो भरणारी पानं मी गुच्छासाठी कापून नेली आणि राहिलेली खुंटं आठवडाभरात उपटली. पेव खणलं, पण धान्य यायच्या आधीच तोंड बंद केलं.

यातून एक नियम मिळाला. शेतकी पुस्तिकांतही तो असतो, पण कारण कळल्याशिवाय तो डोक्यात राहत नाही : दांडा कापताना खाली चार-पाच पानं ठेवायची आणि फुलं काढल्यावर सहा ते आठ आठवडे गड्डे उकरायचे नाहीत. पानं पिवळी पडू लागली की समजायचं, माल खाली पोचला.

गड्डा वर सरकत का नाही?

नवा गड्डा दरवर्षी जुन्याच्या डोक्यावर येतो. मग दहा वर्षांत तो जमिनीच्या वर यायला नको का? हा प्रश्नही मुलांचाच. उत्तर धुतलेल्या रोपातच दिसलं. जुन्या गड्ड्याला बारीक, दोऱ्यासारखी मुळं होती. नव्या गड्ड्याच्या तळाला मात्र जाड, पांढरी, आडव्या सुरकुत्या पडलेली मुळं होती. ही संकोची मुळं. आधी ती खाली रुततात आणि मग आखडतात. रहाटाने दोर ओढावा तशी ती नव्या गड्ड्याला खाली ओढतात. जुना गड्डा वाळून जागा रिकामी झालेलीच असते. अशा रीतीने झाड आपली खोली राखतं, कारण वरच्या तापलेल्या मातीत गड्डा भाजून निघेल.

झोपलेला गड्डा

दुसऱ्या वर्षी आम्ही पानं अजिबात कापली नाहीत. मार्चमध्ये गड्डे उकरले, छान लिंबाएवढे भरले होते. एका उत्साही मुलाने त्यातले चार लगेच घरी नेऊन कुंडीत लावले, रोज पाणी घातलं. महिना झाला, दीड महिना झाला, कोंब नाही. त्याला वाटलं मेले. उकरून बघितलं तर गड्डे टणक.

ही सुप्तावस्था. काढणीनंतर साधारण दोन-तीन महिने गड्डा पाणी, माती मिळाली तरी उगवत नाही. विचार केला तर यात शहाणपण आहे. मूळच्या रानात कोरड्या दिवसांत एखादी चुकार सर आली आणि गड्डा फुटला, तर पुढे पाणी न मिळून कोंब मरेल आणि साठाही जाईल. वळवाच्या एका पावसावर पेरणी करून फसलेला शेतकरी आपण पाहिलेला असतो. गड्डा तशी घाई करत नाही. थंडीत ही झोप लवकर मोडते, म्हणून व्यापारी लागवडीचे गड्डे शीतगृहात ४ ते ५ अंश सेल्सिअसला ठेवतात. तिथे ते वाळतही नाहीत.

आमच्याकडे शीतगृह कुठलं? मुलांनी तोडगा काढला. गड्डे सावलीत दोन-तीन आठवडे सुकवले. तळाचा जुना चिपाड झालेला गड्डा आता हाताने सहज निघाला. मग कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून एका आजीच्या जुन्या माळवदाच्या घरात, अंधाऱ्या गार खोलीत टांगले. स्टोअर रूमच्या पत्र्याखाली भाजलेल्या पहिल्या गोणीपेक्षा हे कितीतरी बरे टिकले.

यंदाच्या जानेवारीत दांडे आले. यावेळी एका वाफ्यात दांडे जमिनीलगत कापले आणि शेजारच्या वाफ्यात चार-पाच पानं राखून, मुद्दाम. दोन्हींतले गड्डे मार्चमध्ये एकाच दिवशी काढून शेजारी ठेवले. एकीकडे सुपाऱ्या, दुसरीकडे लिंबं. मला काही सांगावं लागलं नाही.

एका पालकांचा हिशेब

पालकसभेत हे गड्डे टेबलावर ठेवले होते. थोड्या रानात ग्लॅडिओलस करून बघितलेले एक पालक बराच वेळ ते हातात घेऊन उभे राहिले. म्हणाले, “व्यापाऱ्याला लांब दांडा लागतो म्हणून आम्ही बुडातून कापतो. अन् दरसाल बेणं इकत आणतो.” त्यांना वाटायचं बेण्याचीच जात खराब, एकदाच फुलते. लांब दांड्याला जास्त भाव मिळतो हे खरंच आहे. पण त्या भावातून पुढच्या वर्षीच्या बेण्याचा खर्च वजा करायचा असतो, हे त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा मांडून पाहिलं. त्यांनी काय ठरवायचं हा त्यांचा प्रश्न. पण सातवीच्या विज्ञानातला एक परिच्छेद थेट एका घराच्या हिशेबाला जाऊन भिडतो, हे मला त्या दिवशी दिसलं. ‘एवढं शिकून काय उपयोग’ असं विचारणाऱ्यांना आता मी हेच सांगतो.

वर्गात करून पाहा

१. चार काप : कांदा, बटाटा, आलं आणि अळूचा किंवा ग्लॅडिओलसचा गड्डा उभा कापा. अन्न कुठे साठलं आहे, पानात की खोडात, हे मुलांना ठरवू द्या.

२. पिष्टाची परीक्षा : टिंक्चर आयोडीन पाण्यात पातळ करून गड्ड्याच्या कापावर थेंब टाका. निळा-काळा रंग आला म्हणजे पिष्ट आहे. नवा गड्डा आणि चिपाड झालेला जुना गड्डा दोन्हींवर टाकून फरक बघा.

३. डोळा मोडणं : दोन सारखे गड्डे घ्या. एकाचा शेंड्याचा डोळा मोडा. दोन्ही लावा. कुठे किती कोंब येतात ते नोंदवा.

४. आडवा दांडा : एक फुलदांडा रात्रभर आडवा ठेवा. सकाळी शेंडा वर वळलेला दिसेल. खोड गुरुत्वाच्या उलट वाढतं, हे शिकवायला याहून सोपा प्रयोग नाही. बाजारात हे दांडे शक्यतो उभे नेतात ते यासाठीच.

५. फुलांची तारीखवही : एका दांड्यावरचं प्रत्येक फूल कोणत्या दिवशी उमललं ते लिहा. खालून वर जाणारा क्रम आपोआप आलेखात येतो.

काळजी : ग्लॅडिओलसचे गड्डे खायचे नसतात, मुलांना हे आधीच बजावा. सुरण, अळू कच्चे हाताळताना हाताला खाज सुटते, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. कापण्याचं काम मोठ्यांनीच करावं.

मुलांना विचारण्यासाठी प्रश्न

- घनकंद हे मूळ नसून खोड आहे, याचे दोन पुरावे सांगा.
- कांद्याचा पापुद्रा आणि ग्लॅडिओलसचं सालपट यांत काय फरक आहे?
- फुलं काढल्यावर पानं का राखायची?
- संकोची मुळं नसती तर काय झालं असतं?
- आपल्या घरात, शेतात घनकंदापासून येणारी आणखी कोणती झाडं आहेत? आजीला विचारून या.

शेवटचा प्रश्न नक्की द्या. आमच्याकडे त्यातून सुरण आणि अळू तर आलेच, पण कोकणात माहेर असलेल्या एका आजीने पावसाच्या तोंडावर, पानांच्याही आधी जमिनीतून वर येणाऱ्या शेवळाची माहिती तासभर सांगितली. शेवळाचा आणि सुरणाचा वंश एकच, आणि दोघांचाही गड्डा.

आता आमचे गड्डे त्याच आजींच्या माळवदात टांगलेले आहेत. ऑक्टोबरची वाट बघतायत. मुलांनी पिशवीला चिठ्ठी अडकवली आहे : ‘झोपलेत. उठवू नका.’